वहिनी बदलणार का? एका दैनंदिन मालिकेतल्या पाच आठवड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मालिका तिसऱ्या वर्षात होती. संध्याकाळचा स्लॉट, सोमवार ते शनिवार, ठाण्यात घोडबंदर रोडला एका बंगल्यात कायमचा सेट. मी निर्मितीसंस्थेकडून क्रिएटिव्ह बघत होते. म्हणजे लेखकाकडून वन-लाइन, म्हणजे भागाची थोडक्यात गोष्ट घ्यायची, ती चॅनेलला पटवायची, पटकथा-संवाद वेळेत सेटवर पोचवायचे आणि कोणाच्या डेट्स कोणाशी जुळत नाहीत ते निस्तरायचं. मालिकेचं, चॅनेलचं, माणसांचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेत.

नायिकेला सेटवर सगळे ‘वहिनी’ म्हणायचे. मालिकेतली ती मोठी सून आणि सगळी गोष्ट तिच्याभोवती. स्पॉटदादापासून दिग्दर्शकापर्यंत कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. बाहेरही तेच. दादरच्या मंडईत एका आजींनी तिला थांबवून सांगितलं होतं, “वहिनी, त्या धाकटीला एवढं मोकळं सोडू नका, डोक्यावर बसेल.” धाकटीचं काम करणारी मुलगी शेजारीच भाजीची पिशवी धरून उभी होती. आजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दैनंदिन मालिका बँकेवर चालते. चित्रित होऊन, एडिट होऊन तयार पडलेले भाग म्हणजे बँक. आमची बँक चांगल्या दिवसांत सहा-सात भागांची असायची. गणपतीनंतर ती दोन-तीनवर यायची, कारण निम्मं युनिट कोकणात. हे प्रकरण नेमकं त्याच दिवसांतलं.

अडचण

त्या सोमवारी दुपारी एक सीन संपला आणि वहिनींना खुर्चीतून उठता येईना. कंबर धरलेली, डाव्या पायात मुंग्या. मेकअपदादांनी आणि आणखी एकाने धरून गाडीत बसवलं. रात्री एमआरआय झाला. मणक्यातली चकती सरकली होती. तीन आठवडे झोपून राहायचं, पुढचं नंतर बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनी निर्मात्यांना एकच विनंती केली: दुखण्याचं बाहेर कळू देऊ नका. कारण उघड होतं. मालिकेत बारा-तेरा तासांची शिफ्ट असते. पाठीचं दुखणं आहे एवढं कानावर गेलं की पुढच्या कामाच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो. त्यातून त्यांचा तीन वर्षांचा करार दोन महिन्यांनी संपत होता आणि नव्या कराराची बोलणी शिफ्टच्या तासांवरच अडली होती. दुखणं खरं होतं, पण ते बाहेर आलं असतं तर ‘तास कमी करून घ्यायचं नाटक’ म्हणणारेही निघाले असते. आमच्याच ऑफिसात निघाले.

बँकेत तीन भाग होते. रात्री दोनपर्यंत लेखकाच्या घरी बसून आम्ही ठरवलं की वहिनींच्या आईला बरं नाही, त्या माहेरी जातात. माहेराहून फोन करतात. संवाद त्यांनी घरी आडवं पडूनच मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवले. पार्श्वभूमीला पंख्याची घरघर होती, ती साउंडवाल्याने जमेल तेवढी काढली. घरातून निघतानाचा सीन मात्र हवाच होता. तिथे एक ज्युनिअर आर्टिस्ट पाठमोरी उभी केली, अंगावर वहिनींची साडी, डोक्यावर पदर. दसऱ्याचा प्रोमो ठरलेला होता, तो त्यांच्याशिवाय शूट केला.

आम्हाला वाटलं, तीन आठवडे कुठल्या कुठे जातील.

पाठमोरा सीन दाखवला गेला त्याच रात्री साताऱ्याकडच्या एका बाईंनी मालिकेच्या पानावर लिहिलं, “ही वहिनी नाही. हिची वेणी चार बोटं लांब आहे आणि कानाला एकच भोक आहे. आमच्या वहिनीला दोन आहेत.” मी लॅपटॉपवर तो शॉट थांबवून बघितला. पदर बाजूला होतो त्या क्षणी डावा कान दिसतो, अर्धा सेकंदसुद्धा नाही. एक भोक. दिग्दर्शकाच्या, कॅमेरामनच्या, एडिटरच्या, माझ्या आणि चॅनेलच्या दोन माणसांच्या डोळ्यांखालून तो भाग गेला होता.

तिथून जे सुरू झालं त्याला अफवा म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द तेव्हाही पटला नव्हता. प्रेक्षक जे दिसत होतं त्यावरून हिशेब मांडत होते. फोनवर आवाज आहे पण चेहरा नाही, दसऱ्याच्या प्रोमोत सगळं घर आहे पण मोठी सून नाही, माहेरचं एकही दृश्य नाही, नवरा दोन आठवड्यांत एकदाही सासूला बघायला जात नाही. (हा शेवटचा मुद्दा तर पटकथेतला सरळ दोष होता, आणि तो आम्हाला एका निवृत्त शिक्षकांनी दाखवून दिला.) बेरीज बरोबर होती: वहिनी सेटवर येत नाहीत. चुकत होतं ते कारण, कारण आम्ही ते सांगतच नव्हतो. मग ज्याला जे सुचेल ते. सिनेमा मिळाला, दिवस गेलेत, नायकाशी भांडण झालं. भांडणवाल्यांनी नायकाला इतकं धारेवर धरलं की त्याच्या आईने ऑफिसला फोन करून विचारलं, “माझ्या मुलाने काय केलंय?”

दुसऱ्या आठवड्यात ‘मग नवी वहिनी कोण’ हे सुरू झालं. दोन नावं फिरायला लागली. त्यातली एक अभिनेत्री आमच्या मागच्याच बंगल्यात दुसऱ्या मालिकेचं शूट करत होती. तिने पॅकअपनंतर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर फोटो काढला आणि टाकला. टपरी आमच्या चाहत्यांना पाठ होती, कारण वहिनी स्वतः तिथले फोटो टाकायच्या. तेवढ्यावर तिला ‘घर फोडणारी’ ठरवून झालं. तिला आम्ही विचारलंही नव्हतं.

समोर असलेले पर्याय

अंधेरीतल्या ऑफिसात गुरुवारी दुपारी मीटिंग बसली. वार लक्षात आहे, कारण सकाळीच बार्कचे, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचे आकडे आले होते आणि आम्ही खाली आलो होतो. फार नाही, पण सलग दुसऱ्या आठवड्यात.

निर्माते जुने, त्यांनी आधी दाखले काढले. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर. अमर उपाध्यायच्या मिहीरला 2001 मध्ये कथेत मारलं तेव्हा प्रेक्षकांनी असा आकांत केला की त्याला परत जिवंत करावं लागलं. पुढे तो खरंच सोडून गेला, इंदर कुमार आला, मग रोनित रॉय आला आणि 2008 मध्ये मालिका संपेपर्यंत लोकांनी रोनितलाच मिहीर मानलं. “म्हणजे लोक विसरतात,” निर्माते म्हणाले. चॅनेलच्या मॅडमनी लगेच त्याच मालिकेतली तुळशी काढली. स्मृती इराणी गेल्यावर 2007 मध्ये गौतमी कपूर आली आणि वर्षभरात स्मृतीलाच परत बोलवावं लागलं. एकाच मालिकेतून दोघांनी दोन उलट निष्कर्ष काढले. आता 2025 मध्ये ती मालिका परत आली तेव्हा मिहीर म्हणून पुन्हा अमर उपाध्यायच उभा राहिला, हे त्या मीटिंगमध्ये कुणी सांगितलं असतं तर चर्चा आणखी तासभर लांबली असती.

मराठीतले दाखले आम्हाला जवळचे होते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया करणारी रसिका सुनील 2018 मध्ये शिकायला अमेरिकेला गेली, ईशा केसकर आली, आणि 2020 मध्ये रसिका परतली. ‘आई कुठे काय करते’मध्ये 2020 च्या लॉकडाउननंतर दीपाली पानसरेच्या जागी रुपाली भोसले संजना झाली आणि तिने ती भूमिका शेवटपर्यंत निभावली. मी एवढंच म्हटलं की या दोन्ही भूमिका नायिकेच्या समोर उभ्या राहणाऱ्या बाईच्या आहेत. जिच्यावर लोक रागावतात तिचा चेहरा बदलला तर राग नव्या चेहऱ्यावर सरकतो. जिला लोक घरातली समजतात तिचं तसं होत नाही. हे माझं मत, त्याला आकड्यांचा आधार नव्हता आणि मॅडमनी ते तसंच नोंदवून घेतलं.

पर्याय तसे पाच होते, पण खरी चर्चा तिनांवर झाली. कथेत अपघात घडवून वहिनींना बँडेजमध्ये गुंडाळायचं, हा लेखकाने स्वतःच हसून उडवला. गप्प राहून आहे तसं रेटायचं, हे आम्ही करतच होतो.

उरले तीन. एक, चेहरा लगेच बदलायचा. दुसरा, ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’सारखं जागा रिकामी ठेवून पुढे जायचं. दिशा वकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दयाबेन परत न आणताच ती मालिका वर्षानुवर्षं चालली. पण तिथे गोकुळधामची अख्खी सोसायटी आहे, आमच्याकडे एक स्वयंपाकघर आणि एक देवघर, दोन्हीकडे वहिनी. तिसरा पर्याय खरं सांगायचा. ‘तब्येत बरी नाही, विश्रांती घेताहेत, परत येणार आहेत’ एवढंच, दुखणं काय ते न सांगता.

तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आमचे दिग्दर्शक बोलले. ते नाटकातून आलेले. म्हणाले, नाटकात रिप्लेसमेंट लपवत नाहीत. तिकीट खिडकीवर पाटी लावतात, आज अमक्याच्या जागी तमका. ज्याला नको त्याने पैसे परत घ्यावेत. ‘नटसम्राट’ 1970 मध्ये डॉ. लागूंनी उभा केला, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त, चंद्रकांत गोखले अशा कितीतरी जणांनी अप्पा केला. लोक भांडले, तुलना केल्या, पण फसवलं असं कुणी म्हणालं नाही. मॅडम म्हणाल्या, “सर, नाटकाला रोज साडेसात वाजता समोरच्या चॅनेलवर दुसरं नाटक नसतं.” त्यात तथ्य होतं.

काय केलं

ठरलं ते असं. बाहेर काहीच बोलायचं नाही. वहिनींच्या येण्याची वाट बघायची. पण हाताशी असावी म्हणून एका तिसऱ्याच अभिनेत्रीची लूक टेस्ट, म्हणजे भूमिकेच्या वेशात ती कशी दिसते ते बघणं, गुपचूप करून ठेवायची. ही तिसरी चर्चेतल्या दोन नावांपैकी नव्हती.

वहिनींना लूक टेस्टबद्दल सांगायचं का, हा प्रश्न मीटिंगच्या अगदी शेवटी निघाला, लोक मोबाइल उचलून उठत असताना. निर्माते म्हणाले, “आत्ता आजारी बाईला कशाला टेन्शन?” मी मान डोलावली. या सगळ्या प्रकरणातली माझी स्वतःची चूक कुठली विचाराल तर ती मान.

रविवारी सेट बंद असतो. त्या दिवशी चार माणसांत लूक टेस्ट केली. नव्या मुलीच्या मापाचं काही तयार नव्हतं, म्हणून ड्रेसदादांनी वहिनींच्या कपाटातली जांभळी साडी काढली. ब्लाउज मागून पिनांनी आवळला. ती साडी म्हणजे मालिकेतल्या लग्नाच्या वाढदिवसाची, तिच्यासारख्या साड्या दुकानदार ‘वहिनी साडी’ म्हणून विकत होते. मुलगी चांगली होती. तिने दोन सीन वाचले आणि दिग्दर्शकांनी मला हळूच सांगितलं, “करेल ही.”

फोटो कुणी बाहेर काढला ते आजवर कळलं नाही. मेकअप रूमच्या आरशातला, चेहरा अर्धा कापलेला, पण साडी काठापदरासकट दिसत होती. सोमवारी रात्री साडेअकराला मला वहिनींचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

“माझी जांभळी साडी कोण नेसलंय?”

मी काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, “मला हे माझ्या फॅन पेजवरच्या मुलीने पाठवलं गं. नाशिकची आहे, बारावीत शिकते. ती रडतीये आणि मी तिला समजावतीये की असं काही नाहीये.” मग थोडं थांबून, “असं काही नाहीये ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शक आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्या पलंगावर कुशीवर पडूनच बोलत होत्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त अवघड गेलं. त्यांनीच सुचवलं की आता मी स्वतः सांगते. दुपारी त्यांनी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला, उशीला टेकून, मेकअपशिवाय. पाठ दुखतीये, डॉक्टरांनी झोपवलंय, बरी झाले की येते. नायकाला त्रास देऊ नका, त्याने मला कालच आंबोळ्या पाठवल्या. आणि मागच्या बंगल्यातल्या अभिनेत्रीचं नाव घेऊन म्हणाल्या, तिचा यात काही संबंध नाही, ती माझी मैत्रीण आहे. मैत्रीण वगैरे नव्हती. दोघी जेमतेम एकदा भेटल्या होत्या.

चॅनेलने व्हिडिओ आधी अडवला, कारण करारानुसार परवानगी लागते. संध्याकाळी सहाला परवानगी आली. ज्या दुखण्याचं नाव बाहेर येऊ नये म्हणून आम्ही इतकी लपवाछपवी केली, ते शेवटी त्यांनाच कॅमेऱ्यासमोर सांगावं लागलं.

परिणाम

कोण बदलणार ही चर्चा दोन दिवसांत निवली. लोकांनी तेलं सुचवली, काढे सुचवले, सांगलीच्या एका गृहस्थांनी कमरेचा पट्टा पार्सलने ऑफिसला पाठवला. माहेरचा ट्रॅक आम्ही सावरला. आता वहिनी कथेतही आजारी होत्या, आणि त्यांच्या घरी जाऊन, पलंगावरच, एका दिवसात सहा सीन शूट केले. भिंतीला माहेरच्या घरासारखा रंगीत कागद लावला. आकडे सावरले. ते व्हिडिओमुळे की दसऱ्याच्या महाएपिसोडमुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाचव्या आठवड्यात त्या सेटवर आल्या. दिवसाला आठ तास, उभ्याचे सीन कमी. निर्मात्यांनी ते विनातक्रार मान्य केलं. दोन महिन्यांपूर्वी कराराच्या बोलणीत नेमके हेच तास नाकारले होते.

पण करार त्यांनी वाढवला नाही. कारण विचारलं तर पाठ म्हणाल्या. मला साडी वाटते. त्यानंतर त्या माझ्याशी नीट बोलायच्या, वेळेवर यायच्या, पण सीन बदलला की पूर्वीसारखं व्हॅनिटीत बोलावून ‘हे असं का केलंत गं’ म्हणून भांडायच्या नाहीत.

त्या गेल्या तेव्हा मात्र पाटी लावली. शेवटच्या दिवशीचं शूट संपल्यावर जुन्या वहिनींनी नव्या वहिनीची ओटी भरली आणि तो व्हिडिओ दोघींनी मिळून टाकला. नवी म्हणजे लूक टेस्टवालीच. तिने हा सगळा काळ कुणालाही एक शब्द न बोलता काढला होता, याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही. मालिका त्यानंतर सातेक महिने चालली आणि स्लॉट बदलल्यावर थकली.

आज असतं तर

गप्प राहण्याचा निर्णय मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. विनंती वहिनींचीच होती आणि दुखणं ज्याचं त्याचं खाजगी. पण ‘दुखणं सांगू नका’ आणि ‘काहीच सांगू नका’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही पहिलीचा आधार घेऊन दुसरी केली. ‘सुट्टीवर आहेत, परत येणार आहेत’ हे पाच शब्द पहिल्याच आठवड्यात चालले असते. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीच होकार दिला असता, असं त्या पुढे एकदा म्हणाल्याही.

लूक टेस्ट मी आजही करीन. तीन भागांची बँक असताना ती न करणं म्हणजे निर्मात्याच्या पैशाशी खेळ. फक्त आदल्या रात्री फोन करीन. दोन मिनिटांचा फोन आहे, आणि साडी दुसरी देईन.

मागच्या बंगल्यातल्या मुलीसाठी आम्ही काहीच केलं नाही, ही गोष्ट मीटिंगच्या कुठल्याच कागदावर नाही. तिच्या नावाने शिव्या चालू होत्या तेव्हा ‘आपण नाव घेतलं तर अफवेला वजन येईल’ असं आम्ही म्हणालो. ते नाव शेवटी पलंगावर पडलेल्या बाईने घेतलं.

आणि पाठमोरा शॉट. तो मुळात लिहायलाच नको होता. वहिनी पहाटेच निघून गेल्या, देवघरात चिठ्ठी ठेवून, एवढ्यावर भागलं असतं. लेखकाने तेव्हा ते सुचवलंही होतं. निरोपाच्या सीनला हुक, म्हणजे पुढचा भाग बघायला लावणारा शेवट, चांगला मिळेल म्हणून मीच हट्ट धरला.

नव्या वहिनीचा पहिला भाग दाखवला त्या रात्री साताऱ्याच्या बाईंचं परत आलं. “ही पण बरी आहे. आवाज गोड आहे. पण हिच्या कानाला एकच भोक आहे, तेवढं बघा.” सकाळी मी ते ड्रेसदादांना वाचून दाखवलं. त्यांनी भुलेश्वरहून चिकटवायच्या कुड्यांचा एक डबा मागवला.